पिल्लू घरात आणलं, आता शू-शीचं काय?

मी रावेरहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे घरात नवीन आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाची शू आणि शी. हसा बिनधास्त. पण ज्यांच्या घरात सध्या असं पिल्लू आहे त्यांना हसू येणार नाही, कारण त्यांच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं असेल.

आपल्याकडे पिल्लू घरात कसं येतं? दुकानातून विकत आणणारे थोडे. बहुतेक पिल्लं गल्लीतली असतात, नाहीतर शेतातली. केळीच्या बागेत सावली असते, ठिबकमुळे जमीन गार असते, तिथे कुत्री व्यालेली सापडते. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवतं, "चार पिल्लं आहेत, कुणाला पाहिजे का?" आणि तुम्ही एक उचलून घरी आणता. आई म्हणते, "बरं, ठेव दोन दिवस." वडील पेपरातून मान वर न करता म्हणतात, "ठेव. पण घरात घाण केली की त्याच दिवशी बाहेर."

त्या पिल्लाचं पुढचं आयुष्य या एका वाक्यावर ठरतं. ते दिसायला किती गोड आहे, किती हुशार आहे, याने काही ठरत नाही. हॉलच्या फरशीवर शू झाली की घरातलं वातावरण फिरतं. दोनदा झाली की टोमणे सुरू होतात. आठवडाभर होत राहिली की एके दिवशी पिल्लू पिशवीत घालून जिथून आणलं तिथे, किंवा गावाबाहेर कुठेतरी सोडलं जातं.

आणि हे "बाहेर" म्हणजे काय, ते पण बघा. महिनाभर घरात खाल्लेल्या पिल्लाला स्वतःचं अन्न शोधता येत नाही. प्रत्येक गल्लीत आधीपासून राहणारी कुत्री असतात, ती नवीन पिल्लाला सहज येऊ देत नाहीत. आणि आपल्या गावाला लागून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आहे, त्यावर दिवस-रात्र ट्रक धावतात. पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. 22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांबद्दल जो आदेश दिला, त्यातही दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आणि सोबत सांगितलं की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून आजचा विषय फरशीचा वाटला तरी तो त्या पिल्लाच्या घराचा आहे.

आता मुद्द्यावर येऊ. माझं म्हणणं एवढंच आहे की पिल्लाला शिकवण्याआधी घराला शिकवावं लागतं. शू कुठे करायची हे पिल्लू पटकन शिकतं. वेळ पाळायला आपण शिकत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. शेपटीचं मला माहीत नाही, पण शू-शीच्या बाबतीत कुत्रं जन्मापासून स्वच्छ असतं. पहिले साधारण तीन आठवडे आई पिल्लांना चाटते, तेव्हाच त्यांची शू-शी होते, आणि जागा आईच साफ करते. नंतर पाय चालायला लागले की पिल्लू झोपायची जागा सोडून दूर जाऊन शू करतं. हे त्याला कुणी शिकवत नाही. दोन महिन्यांचं होईपर्यंत पायाखाली काय असलं की शू करायची याची सवय पडायला लागते. शेतातल्या, गल्लीतल्या पिल्लाला मातीची सवय असते. ही आपल्यासाठी फायद्याची गोष्ट आहे.

मग ते घरात का करतं? कारण "घर" म्हणजे काय हे त्याला कळत नाही. त्याची झोपायची जागा कोपऱ्यातलं पोतं आहे. तिथे ते घाण करत नाही. तिथून दहा पावलांवरचा तुमचा हॉल त्याच्या हिशोबाने लांबचं मैदान आहे. ते बरोबरच वागतंय. त्याचा नकाशा छोटा आहे, तो आपल्याला हळूहळू मोठा करायचा आहे.

आता करायचं कसं?

सगळ्यात आधी जागा ठरवा. एकच जागा. अंगण असेल तर अंगणाचा एक कोपरा, शक्यतो मातीचा आणि सावलीचा. अंगण नसेल तर गच्ची. गच्चीवर एका जुन्या घमेल्यात किंवा पसरट ट्रेमध्ये माती भरून ठेवा. पिल्लू मातीतलं असेल तर त्याला ती ओळखीची वाटेल. पहिल्यांदा घरात शू झाली की ती ज्या कापडाने टिपली ते कापड त्या मातीवर ठेवा. वासाने त्याला कळतं की जागा ही आहे.

काही जण पेपर पसरतात. चालतं, पण एक अडचण आहे. पेपर म्हणजे शूची जागा असं एकदा डोक्यात बसलं की सकाळी वडील जमिनीवर पेपर पसरून वाचत बसतात, तेव्हा पिल्लू तिथेच येणार. मोरीचंही तसंच. मोरीत करू द्यायचं ठरवलं तर ते कायमचं. दोन महिने मोरी आणि मग अंगण, असं केलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

आणि एक काळजी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, पिल्लाला बाकीची कुत्री फिरतात त्या जागी जमिनीवर सोडू नका. पार्व्हो नावाचा आजार अशाच जागांवरून येतो आणि लहान पिल्लं त्यात दगावतात. म्हणून सुरुवातीला स्वतःचं अंगण किंवा गच्चीच बरी. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांना. जंताचं औषध आणि लसीचं वेळापत्रक तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.

दुसरं, वेळ. सगळा खेळ इथे आहे. पिल्लाला शू कधी येते हे जवळजवळ घड्याळासारखं ठरलेलं असतं. झोपून उठल्या उठल्या. खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात. खेळून दमल्यावर. आणि रात्री झोपायच्या आधी. या चार वेळा चुकवायच्याच नाहीत. मधल्या वेळेसाठी एक ढोबळ हिशोब आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते थांबू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, आणि तेही झोपलेलं असताना. जागं आणि खेळतं असेल तर दर तासाला न्या.

मोबाइल हातात असतोच ना? मग अलार्म लावा. रात्रीसाठी पण एक, दोन-अडीचच्या सुमारास. झोपमोड होते, खरंय. पण ही साधारण काही आठवड्यांची गोष्ट आहे. रात्री उठवलं की लाड नाही, खेळ नाही. उचला, जागेवर न्या, झालं की परत झोपवा.

आता, नेलं आणि पिल्लू नुसतंच फुलपाखराकडे बघत बसलं तर? पाच मिनिटं थांबा. नाही केली तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या किंवा छोट्या दोरीने जवळ बांधा, दहा-पंधरा मिनिटांनी परत न्या. बहुतेक घाण याच पंधरा मिनिटांत होते. बाहेर नेलं होतं, त्याने केली नाही, आत आणून सोडलं आणि लगेच सोफ्यामागे केली. त्यात त्याचा खोडकरपणा नव्हता. बाहेर त्याचं लक्ष लागलं नव्हतं, एवढंच.

तिसरं, शब्द. हे आपल्या आज्यांना कधीपासूनच माहीत आहे. तान्ह्या बाळाला पायावर घेऊन "शूऽऽ शूऽऽ" असा आवाज करतात की नाही? बाळ शू करत असताना तो आवाज रोज कानावर पडतो. काही दिवसांनी नुसता आवाज केला तरी बाळ शू करतं. रशियात पाव्हलॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग करून हेच मांडलं, की दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सोबत घडल्या की पहिली झाली तरी शरीर दुसरीची तयारी करतं. तर मग पिल्लू बसून शू करायला लागलं की हळू आवाजात एकच शब्द म्हणा. "शू कर" म्हणा, नाहीतर दुसरा कोणताही, पण घरातल्या सगळ्यांनी तोच. काही आठवड्यांनी भर पावसात, छत्री धरून उभे असताना हा शब्द कामाला येतो, तेव्हा आजीची आठवण होते.

चौथं, बक्षीस. शू झाली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदात शाबासकी आणि खाऊचा छोटा तुकडा. घरात परत येऊन डब्यातून काढून दिला तर पिल्लाला वाटतं की घरात आल्याबद्दल मिळाला. म्हणून खाऊ खिशात ठेवा. खाऊ काय? आपण रावेरचे. केळ्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा पुरतो. कुत्र्याला केळं चालतं, फक्त कमी द्या, गोड असतं. उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा बिनमिठाचा तुकडा पण चालतो. आणि शू झाल्याबरोबर ओढत आत नेऊ नका, दोन मिनिटं खेळू द्या. नाहीतर ते शिकतं की शू केली की मजा संपते, आणि मग मुद्दाम लांबवत बसतं.

आता खाण्याबद्दल, कारण जे तोंडातून जातं त्यावर बाहेरचं ठरतं. आपल्याकडे पिल्लू आलं की पहिलं काय? वाटीभर दूध आणि त्यात पोळी. पुष्कळ पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. मग कितीही वेळेवर न्या, जुलाब लागलेलं पिल्लू थांबू शकत नाही. शिकवण बिघडली असं आपल्याला वाटतं, बिघडलेलं असतं पोट. दिवसात तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी खायला द्या आणि वीस मिनिटांनी ताट उचला. खायची वेळ ठरली की शीची वेळ आपोआप ठरते. आणि प्रेमापोटी भरीत, शेवभाजी, ठेचा नाही म्हणजे नाही. तिखटाचं सोडा, कांदा आणि लसूण हे कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पण नाही.

आता एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. इंटरनेटवर इंग्रजी व्हिडिओ बघितले तर एक सल्ला हमखास मिळतो, की संध्याकाळनंतर पिल्लाचं पाणी बंद करा. तो थंड देशातला सल्ला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. उन्हाळ्यात पाण्याचं भांडं चोवीस तास भरलेलं पाहिजे. पाणी जास्त पिणार, शू जास्त होणार, तर फेऱ्या वाढवा. पाणी तोडून फेऱ्या वाचवू नका, पिल्लाला उष्माघात होऊ शकतो.

दुपारी बारा ते पाच पिल्लू बाहेर पाय ठेवत नसेल तर तो हट्ट नाही. स्वतःचा तळहात उलटा करून अंगणातल्या फरशीवर पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पंजे पण भाजतात. दुपारसाठी सावलीतली माती, ओलं पोतं, नाहीतर घमेलं सावलीत आणा. पावसाळ्यात उलटं. जागेवर पत्र्याचा तुकडा टाका, नाहीतर पिल्लू दारातूनच परत फिरतं.

बरं, एवढं करून पण घरात झालीच तर?

होणार. पहिले काही आठवडे होणारच. तुमच्या डोळ्यांसमोर करत असेल तर हलकी टाळी वाजवा, उचला, जागेवर न्या, तिथे पूर्ण केली की शाबासकी. आणि तुम्ही आलात तेव्हा आधीच झालेली असेल तर काहीच नाही. पुसा आणि सोडून द्या.

इथे बऱ्याच घरांत वाद होतो. "त्याचं नाक त्यात घासा, मग कळेल." नाही कळत. पिल्लाला वाटतं की शू या माणसासमोर केली की मार बसतो. मग ते तुमच्यासमोर करणं बंद करतं आणि दिवाणाखाली, कपाटामागे लपून करतं. वर अंगणातही तुमच्या समोर करायला घाबरतं. म्हणजे बक्षीस द्यायची संधी पण गेली.

यावर लोक म्हणतात, "अरे पण त्याला कळतं भो, बघ ना कसं तोंड पाडून बसलंय." याच गोष्टीवर अमेरिकेत 2009 मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी एक अभ्यास केला. 14 कुत्री होती. मालकाने कुत्र्याला खाऊ खायचा नाही असं सांगून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि ते दर वेळी खरं नसायचं. निष्कर्ष असा निघाला की ते अपराधी तोंड कुत्र्याने काय केलं यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं ती पण रागावल्यावर तसंच तोंड करत होती. म्हणजे पडलेलं तोंड हा पश्चात्ताप नाही. तुमचा आवाज चढलाय, ते त्याला कळलंय.

पुसायचं कसं, हे पण महत्त्वाचं. आधी कोरड्या कापडाने किंवा पेपरने सगळी शू टिपून घ्या, चोळू नका, चोळल्याने पसरते. मग साबणाच्या पाण्याने धुवा. शक्य असेल तर पाळीव प्राण्यांच्या शूसाठी मिळणारं एन्झाइमचं लिक्विड वापरा, ते शूतला वासाचा भाग मोडून काढतं. फिनाइलचा वास आपल्या नाकाला शू झाकतो, कुत्र्याच्या नाकाला झाकत नाही. शिवाय ओल्या फिनाइलवर चालून पिल्लू पाय चाटतं, ते त्याच्या पोटात जातं. अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको, त्याचा वास शूसारखाच असतो.

आता घराला शिकवायचं म्हटलं होतं, ते कसं? आपल्याकडे एका घरात सहा-सात माणसं. आजी पिल्लाला चोरून पोळी देते, दादा रात्री अकराला दूध पाजतो, लहान भाऊ त्याला उचलून हॉलभर नाचवतो, आणि शू झाली की सगळे तुमच्याकडे बघतात. म्हणून एक कागद करा. भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावा, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच. कुणी किती वाजता नेलं, शू झाली की शी, घरात झाली तर किती वाजता. चार-पाच दिवसांत कळतं की रोज साडेसहाला घरात होतेय आणि त्या वेळी कुणीच नेत नाही. मग भांडण कुत्र्याशी राहत नाही, साडेसहाची ड्युटी कुणाची एवढंच ठरवायचं उरतं. आणि वडिलांना बोलून पटवण्यापेक्षा तो कागद दाखवा. पहिल्या आठवड्यात घरात पंधरा वेळा, तिसऱ्यात तीन वेळा, असं काही दिसलं की "बाहेर" हा शब्द मागे पडतो.

नजर ठेवायला कुणी नसेल तेव्हा पिल्लू एका छोट्या जागेत ठेवा. इंग्रजी व्हिडिओत महागडा पिंजरा दाखवतात. आपल्याकडे केळीचं मोठं खोकं, पोत्याची गादी आणि आजूबाजूला दोन कॅरेट आडवे लावून केलेली जागा पुरते. हवा खेळती पाहिजे आणि पाणी आत पाहिजे. पण तासन्‌तास कोंडून ठेवू नका. झोपायच्या जागेतच शू करावी लागली तर जन्मापासूनची जी स्वच्छतेची सवय आहे, ती आपणच मोडतो.

दोन-तीन गोष्टी शूसारख्या दिसतात पण वेगळ्या असतात. पाहुणे आले की किंवा कुणी ओरडलं की पिल्लू जमिनीला चिकटून दोन थेंब सोडतं, ती भीती किंवा आनंद असतो. रागावलं की वाढते. शांतपणे, खाली बसून भेटा, मोठं होता होता जाते. मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल आणि तो पाय वर करून गाडीच्या चाकावर, दारावर थोडी थोडी करत असेल तर तो हद्दीचा वास लावतोय. नसबंदीने हे पुष्कळदा कमी होतं. आणि शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, वारंवार थोडी थोडी होतेय किंवा रक्त दिसतंय, तर शिकवत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

किती दिवस लागतात? सगळ्यांनी वेळ पाळली तर काही आठवड्यांत मोठा फरक दिसतो. पूर्ण भरवसा टाकायला पिल्लू पाच-सहा महिन्यांचं व्हावं लागतं, कारण तोवर त्याचं मूत्राशयच लहान असतं. मोठं कुत्रं असेल तर बऱ्याचदा लवकर होतं, नियम तेच.

तर मित्रांनो, हे ऐकून झालं की तीन कामं करा. जागा ठरवा. चार अलार्म लावा. आणि भिंतीवर कागद लावा. आणि अजून पिल्लू आणलंच नसेल, नुसता विचार असेल, तर आधी घरात सगळ्यांना विचारा की रात्री अडीचला कोण उठणार. एक जरी "मी" म्हणाला तर आणा. कुणीच नाही म्हणालं तर सध्या राहू द्या, गल्लीतल्या पिल्लांसाठी दाराशी पाण्याचं भांडं ठेवा, ते पण या उन्हात कमी नाही.

तुमच्या घरच्या पिल्लाचा कागद किती दिवसांत कोरा झाला ते मला नक्की कळवा. आणि ज्याच्या घरी वडिलांनी "त्याच दिवशी बाहेर" म्हटलंय, त्या मित्राला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात.